स्वरयंत्राची ईएमजी तपासणी आणि रुग्णाच्या हृदयाची सुरक्षितता

आवाज बसलेल्या, पाणी पिताना ठसका लागणाऱ्या किंवा मानेवरील शस्त्रक्रियेनंतर एका बाजूचा स्वरपट हलेनासा झालेल्या रुग्णामध्ये मूळ दोष स्नायूत आहे, त्या स्नायूला चालवणाऱ्या मज्जातंतूत आहे, की स्वरपट ज्या सांध्यावर फिरतो तो सांधाच आखडला आहे, हे घशात दुर्बीण घालून पाहिले तरी नेहमी ठरवता येत नाही. हा प्रश्न सोडवण्यासाठी स्वरयंत्राच्या स्नायूंत बारीक सुई घालून त्यांतील विद्युत्-हालचाल पडद्यावर पाहण्याची आणि ध्वनिवर्धकातून ऐकण्याची जी पद्धत आहे तिला इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजेच रुग्णालयाच्या रोजच्या बोलीत ‘ईएमजी’ म्हणतात. हातापायांच्या ईएमजीविषयी आता बरीच माहिती रुळली असली, तरी स्वरयंत्राच्या ईएमजीत सुई अशा जागी जाते जिथे श्वासमार्ग, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि हृदयाची गती आवरणारा मज्जातंतू बोटा-दोन बोटांच्या अंतरात असतात. म्हणून या तपासणीत रुग्णाच्या हृदयाला आणि रक्ताभिसरणाला किती धोका असतो आणि तो कोठून येतो, या प्रश्नाचा स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो.

या तपासणीचा इतिहास पाऊण शतकाहून जुना आहे. १९४४ मध्ये वेडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या ऐच्छिक स्नायूंच्या विद्युत्-नोंदींमध्ये स्वरयंत्राच्या स्नायूंचाही समावेश केला. १९५०च्या दशकात डेन्मार्कमधील फाबोर्ग-अँडरसन यांनी तिला शास्त्रशुद्ध अभ्यासाचे रूप दिले आणि १९६९ मध्ये हिरानो व ओहाला यांनी मानेच्या त्वचेतून गळासारख्या बाकदार तारा स्नायूंत बसवण्याची पद्धत सविस्तर मांडली. २०१२ मध्ये युरोपातील स्वरयंत्रतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक तत्त्वांचा प्रस्ताव प्रसिद्ध केला, तर २०१६ मध्ये अमेरिकेत स्वरपटाच्या पक्षाघातासाठी या तपासणीचा उपयोग कसा करावा यावर एकमताचे निवेदन निघाले. या दोन्ही दस्तऐवजांचा मुख्य भर सुई कोठे घालावी आणि नोंदींचा अर्थ कसा लावावा यांवर आहे, आणि हे स्वाभाविकही आहे, कारण प्रसिद्ध झालेल्या रुग्णमालिकांमध्ये गंभीर अपाय विरळाच आढळतो. तथापि या मालिका बहुतांशी लहान आहेत आणि मागील नोंदी चाळून तयार केलेल्या आहेत. नाडी व रक्तदाब टिपलाच गेला नाही, तर त्यांतील बिघाडही नोंदीत येत नाही, ही मर्यादा वाचकाने लक्षात ठेवली पाहिजे.

उदाहरणार्थ, म्हैसूर शहराच्या वायव्येस, हुणसूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात वसलेल्या हूटगळ्ळीच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. मानसगंगोत्रीच्या परिसरातील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ही १९६५-६६ मध्ये स्थापन झालेली, आवाज, वाणी आणि गिळण्याच्या विकारांवर काम करणारी देशातील अग्रगण्य संस्था येथून जवळच आहे. शहरात म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न कृष्णराजेंद्र रुग्णालय आहे, जेएसएस रुग्णालय आहे, आणि केआरएस रस्त्यावर जयदेव हृदयरोग संस्थेची शाखा आहे. मुंबईतही असेच चित्र दिसते: नायर रुग्णालयात वाणी-श्रवण शास्त्राचे शिक्षण १९६०च्या दशकात सुरू झाले आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ मध्ये उभी राहिली, पण हृदयरोगाचे विभाग वेगळ्या इमारतींत, वेगळ्या नोंदवह्यांसह काम करतात. अशा शहरांत आवाजाची तक्रार एका ठिकाणी, मानेची शस्त्रक्रिया दुसऱ्या ठिकाणी आणि हृदयाचे उपचार तिसऱ्या ठिकाणी होणे अगदी शक्य असते, आणि ज्या टेबलावर सुई घातली जाणार आहे तेथे रुग्णाची हृदयाची फाईल पोहोचलेलीच नसते. ही उणीव महत्त्वाची आहे, कारण या तपासणीतील हृदयाचा धोका मुख्यतः सुईतून वा विजेतून येत नाही. तो रुग्णाच्या पूर्वेतिहासातून, भीतीतून, बधिरीकरणाच्या औषधातून आणि श्वासाच्या अडथळ्यातून येतो. म्हणून त्याचा बंदोबस्त सुई हातात घेण्याआधीच करावा लागतो.

शरीररचनेकडे पाहिले म्हणजे या विधानाचा आधार स्पष्ट होतो. स्वरयंत्राला आणि हृदयाला जोडणारा दुवा म्हणजे व्हेगस मज्जातंतू. मेंदूच्या तळापासून निघून मानेतून छातीत आणि पोटात उतरणाऱ्या या मज्जातंतूची वरची शाखा स्वरयंत्राच्या आतील त्वचेला संवेदना देते आणि आवाजाची पट्टी चढवणाऱ्या क्रिकोथायरॉइड स्नायूला चालवते. मागे वळून वर येणारी दुसरी शाखा उरलेल्या सर्व आंतरिक स्नायूंना चालवते. उजव्या बाजूला ही परतीची शाखा गळ्याच्या मुळाशी असलेल्या मोठ्या रोहिणीला वळसा घालते, तर डाव्या बाजूला ती छातीत खोल उतरून महारोहिणीच्या कमानीखालून वळते. व्हेगसचेच काही तंतू हृदयाकडे जातात. उजव्या बाजूचे तंतू हृदयाचा ठोका जेथे उगम पावतो त्या गाठीवर अधिक परिणाम करतात, आणि डाव्या बाजूचे तंतू वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे संदेश जाण्याच्या मार्गावर. अपस्मारासाठी व्हेगसला विद्युत्-उत्तेजन देणारे यंत्र बसवताना सामान्यतः डावी बाजू निवडली जाते, त्यामागे हेच कारण आहे.

या रचनेतून निघणारा पहिला निष्कर्ष असा की स्वरपट लुळा पडलेला रुग्ण मुळात हृदयरुग्णच असू शकतो. व्हिएन्नाचे वैद्य नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले की हृदयाची द्विदल झडप अरुंद झाल्याने डावा वरचा कप्पा फुगला, तर डावा परतीचा मज्जातंतू दाबला जाऊन आवाज घोगरा होतो. ज्या देशात संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपांचे रुग्ण आजही दिसतात, तेथे हे निदान केवळ पाठ्यपुस्तकातले राहत नाही. महारोहिणी फुगल्यानेही असेच घडते, आणि हृदयाच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतरही हा मज्जातंतू दुखावू शकतो. डाव्या स्वरपटाच्या पक्षाघाताचे कारण सापडलेले नसताना छातीचे चित्रण न करता थेट सुई घालणे हा क्रम उलटा आहे. असा रुग्ण पाठीवर आडवा झाला की त्याला धाप लागते का, हे आधी पाहणे त्याच्यासाठी ईएमजीच्या नोंदीइतकेच महत्त्वाचे असते.

अन्य रुग्णगटांतही हृदयाशी असलेला संबंध उघड वा छुपा असतो. गलग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर आलेल्या रुग्णात गलग्रंथीच्या संप्रेरकाचे प्रमाण आणि रक्तातील कॅल्शियम बिघडलेले असले, तर हृदयाचा ताल बिघडण्याची शक्यता वाढते. स्वर थरथरणाऱ्या रुग्णाला बहुधा प्रोप्रॅनोलॉल चालू असते, जे नाडी मंदावते. अनेक यंत्रणांचा ऱ्हास होणाऱ्या मल्टिपल सिस्टम ॲट्रॉफी या विकारात रात्री घोरण्याऐवजी शिट्टीसारखा आवाज येतो म्हणून स्वरयंत्राची तपासणी सांगितली जाते, पण त्याच विकारात उभे राहताच रक्तदाब कोसळतो. दीर्घकाळच्या मधुमेहातही हृदयाचे स्वयंचलित नियंत्रण क्षीण होते. सर्वांत नाजूक गट गिया-बारे या वेगाने पसरणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णांचा आहे. त्यांच्या घशात नुसती नळी घालून स्राव ओढतानाही नाडी धोकादायक इतकी मंद झाल्याचे अतिदक्षता विभागांना ठाऊक आहे. त्यांच्यातील स्वरयंत्राची ईएमजी बाह्यरुग्ण विभागात करू नये, असे येथे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

प्रतिक्षेपांचा, म्हणजे इच्छेविना घडणाऱ्या शारीरिक प्रतिक्रियांचा भाग दोन परस्परविरुद्ध दिशांनी चालतो, आणि त्यामुळेच तो नीट समजून घ्यावा लागतो. घशात आणि स्वरयंत्रात उपकरण गेले की नाडी आणि रक्तदाब वाढतात, हे भूलशास्त्रात १९४० मध्ये रीड व ब्रेस यांनी नोंदवले, आणि जागेपणी दवाखान्यात होणाऱ्या घशाच्या दुर्बीण-प्रक्रियांमध्येही अशीच वाढ होते हे युंग व करी यांच्या २०१० च्या अभ्यासातून पुढे आले. यातील बहुतेक रुग्णांना काही जाणवत नाही, परंतु ज्याच्या हृदयाच्या रोहिण्या आधीच अरुंद आहेत त्याच्यासाठी ही मिनिटे महागात पडू शकतात. उलट दिशेने, स्वरयंत्राच्या आतील त्वचेला सुई टोचली किंवा द्रव लागला की व्हेगसमार्गे नाडी मंदावते, श्वास क्षणभर थांबतो आणि स्वरपट घट्ट मिटू शकतात. तान्ह्या बालकांत हा प्रतिक्षेप विशेष तीव्र असतो.

याहून कितीतरी अधिक वेळा घडणारी गोष्ट म्हणजे साधी मूर्च्छा. गळ्यात सुई जाणार या कल्पनेने आधी नाडी वाढते, आणि मग अचानक व्हेगसचा जोर वाढून, रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब खाली येतो. रुग्णाच्या चेहऱ्याचा रंग उतरतो, कपाळावर घाम येतो, जांभई येते, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ही चिन्हे ओळखणाऱ्या तंत्रज्ञाने त्याच क्षणी सुई काढून टेबलाची डोक्याची बाजू खाली आणि पाय वर केले, तर बहुधा काही सेकंदांत रुग्ण सावरतो. म्हणूनच ही तपासणी खुर्चीत ताठ बसवून करण्यापेक्षा आडवे किंवा कलते ठेवून करणे श्रेयस्कर. त्यातच तपासणीत रुग्णाला लांबवर ‘ई’ म्हणायला, स्वर चढवत न्यायला, श्वास रोखून जोर लावायला आणि नाकाने झटक्यात श्वास ओढायला सांगतात. श्वास रोखून जोर लावला की छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि रक्तदाब घसरतो. उपाशी आणि घाबरलेल्या रुग्णाकडून हे वारंवार करून घेतले, तर मूर्च्छेला आमंत्रणच मिळते. तपासणीला उपाशीपोटी यायचे असा समज अनेकांचा असतो. गुंगीचे औषध द्यायचे नसेल तर हलके खाऊन यावे, असे आदल्या दिवशी सांगण्याने पुष्कळ काही टळते.

सुईचा मार्ग स्नायूगणिक बदलतो आणि त्याबरोबर धोकाही. स्वरपटाच्या मुख्य स्नायूसाठी कंठमण्याखालच्या खाचेतून सुई वरच्या व बाहेरच्या बाजूला तिरपी नेतात. पट्टी चढवणारा स्नायू तर मध्यरेषेपासून जवळच, उथळ असतो. खरी काळजी स्वरपट उघडणाऱ्या मागच्या स्नायूसाठी लागते, कारण त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या एका पद्धतीत तपासणाऱ्याने अंगठा आणि बोटांनी स्वरयंत्र पकडून एका बाजूस वळवायचे असते. मानेतील मोठी रोहिणी, कॅरोटिड, साधारण कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर दुभागते आणि त्या फाट्याशीच रक्तदाब मोजणारा संवेदनशील फुगवटा असतो. तेथे अंगठ्याचा दाब पडला, तर वृद्ध रुग्णात हृदयाचे ठोके काही सेकंद थांबू शकतात. ३ सेकंदांहून दीर्घ विराम किंवा वरच्या रक्तदाबात ५० मिलिमीटरची घट ही या अतिसंवेदनशीलतेची मान्य व्याख्या आहे. त्या रोहिणीत चरबीचा थर साचला असेल तर त्याचा कण सुटून मेंदूत जाण्याची भीती वेगळीच. म्हणून बोट ठेवण्यापूर्वी रोहिणीची नाडी चाचपून तिची जागा निश्चित करणे, दोन्ही बाजूंना एकाच वेळी कधीही दाब न देणे, आणि पूर्वी पक्षाघाताचा सौम्य झटका आलेल्या किंवा कॉलर घट्ट झाल्यावर चक्कर येणाऱ्या रुग्णात ही पद्धत टाळणे, एवढे तरी किमान पाळायला हवे. अशा रुग्णात मागच्या स्नायूची नोंद मिळाली नाही तरी चालेल, कारण निदानाचे बरेचसे काम अन्य दोन स्नायूंच्या नोंदींवर भागते.

बधिरीकरणाच्या औषधाचा हिशेब हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. लिग्नोकेन या औषधाची, ॲड्रिनलिन न मिसळता टोचण्याची सर्वमान्य मर्यादा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम आणि एकूण ३०० मिलिग्रॅम अशी आहे. ६० किलो वजनाच्या माणसासाठी ती २७० मिलिग्रॅम होते. आता श्वासनलिकेत ४ टक्क्यांचे ४ मिलिलिटर सोडले तर १६० मिलिग्रॅम, घशात १० टक्क्यांच्या फवाऱ्याचे १० झटके मारले तर १०० मिलिग्रॅम आणि त्वचेखाली २ टक्क्यांचे २ मिलिलिटर टोचले तर ४० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ३०० मिलिग्रॅम झाले. प्रत्येक मात्रा वेगळी पाहिली तर किरकोळ वाटते, पण बेरजेत मर्यादा ओलांडलेली असते. फवाऱ्याचा काही भाग थुंकला वा गिळला जातो आणि श्वासनलिकेच्या दुर्बीण-तपासणीत ही मर्यादा काहीशी सैल धरली जाते, हे खरे. तरी श्वासमार्गाच्या ओल्या त्वचेतून औषध झपाट्याने रक्तात उतरते आणि यकृत किंवा हृदय क्षीण असलेल्या माणसात ते साठत जाते. ओठांभोवती बधिरपणा, कानात आवाज, अडखळते बोलणे ही आधीची चिन्हे, मग झटके आणि शेवटी हृदयाच्या तालाचा बिघाड, असा हा क्रम सामान्यतः असतो. यावर २० टक्क्यांचे स्निग्ध द्रावण, किलोमागे १.५ मिलिलिटर, शिरेतून देण्याचा उपचार आता प्रस्थापित झाला आहे. ॲड्रिनलिन मिसळलेले लिग्नोकेन प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या रुग्णाला दिले, तर रक्तदाब एकदम चढून नाडी मंदावू शकते. थरथरत्या आवाजाच्या रुग्णांत ही गाठ पडणे संभवनीय असल्याने ती आधीच ओळखावी. वास्तविक अनुभवी हातांत त्वचेपुरते थोडे औषध पुरते, आणि अनेक ठिकाणी तेही वापरत नाहीत. जास्त औषधाने स्नायूच अंशतः बधिर झाला तर नोंदही फसवी येते.

विजेविषयीची भीती मात्र बरीचशी अस्थानी आहे. सुईची ईएमजी शरीरात वीज सोडत नाही, स्नायूत निर्माण होणारी वीज फक्त टिपते. त्यामुळे पेसमेकर बसवलेल्या रुग्णालाही तिच्यापासून प्रत्यक्ष अपाय नाही. मज्जातंतूला बाहेरून उत्तेजन देण्याची चाचणी जोडीला असेल, तरी तिचे स्पंद सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटे असतात, आणि पेसमेकर वा हृदयात बसवलेला डिफिब्रिलेटर असलेल्या रुग्णांवरील २००७ च्या एका छोट्या अभ्यासात यंत्रांच्या कामात व्यत्यय आढळला नव्हता. सावधगिरीचा अपवाद दोन ठिकाणी आहे. हृदयात तात्पुरती तार घालून ती बाहेरच्या पेसमेकरला जोडलेली असेल, तर विद्युत्-उत्तेजन देऊ नये. मानेतील शिरेतून हृदयापर्यंत गेलेली नळी असेल, तर यंत्राच्या भू-जोडणीतील लहानसा दोषही गंभीर ठरू शकतो, कारण त्वचेचा रोध मध्ये न येता थेट हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचणारा काही दशक मायक्रोॲम्पिअरचा प्रवाहही ताल बिघडवू शकतो. त्यामुळेच हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणांतून गळणाऱ्या प्रवाहाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांत १० मायक्रोॲम्पिअर इतकी कडक ठेवलेली आहे. तीन पिनांचा शाबूत प्लग, एकाच सॉकेटवर चार यंत्रे न लादणे आणि ठरावीक काळाने होणारी गळतीची तपासणी, ही कामे विद्युत् विभागाची समजली जातात, पण रुग्णाच्या दृष्टीने ती वैद्यकीयच आहेत.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न तोलून पाहण्याचा आहे. कृत्रिम धातूची झडप बसवलेला, वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम घेणारा रुग्ण तपासणीच्या धाकाने परस्पर गोळी बंद करतो तेव्हा झडपेवर गुठळी जमण्याचा धोका सुईने रक्त साकळण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. हातापायांच्या ईएमजीसाठी गोळी चालू ठेवणे आता सर्वत्र मान्य आहे. स्वरयंत्रात मात्र रक्त साकळले तर बाहेरून दाबून थांबवता येत नाही आणि श्वासमार्ग अरुंद होतो, म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचा निर्देशांक, ताजा पाहून, तो अपेक्षित मर्यादेत असल्याची खात्री करून, उथळ स्नायूंपुरती आणि शक्य तितक्या कमी टोचण्यांत तपासणी करणे हा समंजस मार्ग होय. इकोस्प्रिनसारख्या ॲस्पिरिनच्या गोळीसाठी तपासणी पुढे ढकलण्याचे कारण सहसा नसते.

शेवटचा आणि खरे तर पहिल्या क्रमांकाचा धोका श्वासाचा आहे. दोन्ही स्वरपट मध्याजवळ अडकलेल्या रुग्णात थोडी सूज किंवा थोडे रक्तही श्वास कोंडू शकते, आणि प्राणवायू घसरला की काही वेळाने नाडी मंदावते. हृदय बंद पडण्याची ही वाट बहुतेकदा फुप्फुसांतून जाते. अशा रुग्णाची तपासणी श्वासमार्ग उघडण्याची सर्व साधने, आणि ती वापरणारा माणूस, जवळ असतानाच व्हावी. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि जोखमीच्या रुग्णाला ईसीजीची पट्टी, हे सारे मिळून तपासणीच्या वेळेत फारशी भर घालत नाहीत. घसा कोरडा करण्यासाठी ग्लायकोपायरोलेट देण्याची सवय मात्र हृदयरोग्यांत सोडावी, कारण ते नाडी वाढवते. ॲट्रोपिनची भरलेली सिरिंज, प्राणवायू आणि डिफिब्रिलेटर कोठे आहेत हे तपासणाऱ्या प्रत्येकाला न विचारता ठाऊक असले पाहिजे.

म्हैसूरसारख्या शहरात, जिथे वाणी-विकाराची आणि हृदयरोगाची दोन्ही तज्ज्ञता काही किलोमीटरच्या आत उपलब्ध आहे, तेथे या सर्वाला नवीन यंत्र लागत नाही. लागते ती एका पानाची प्रश्नावली, जी रुग्णाच्या भाषेत, कन्नड, उर्दू, तमिळ किंवा मराठीत, विचारली जाईल आणि जिच्यात पूर्वी बेशुद्ध पडणे, छातीत दुखणे, झडप, पेसमेकर, चालू गोळ्या आणि आडवे झोपल्यावर लागणारी धाप यांची विचारणा असेल. तपासणी झाल्यावरही रुग्णाला लगेच उठवू नये. निदान पंधरा-वीस मिनिटे बसवून, नाडी-रक्तदाब पाहून आणि गिळताना ठसका लागत नाही याची खात्री करूनच त्याला घरी सोडावे. बधिर घसा पूर्ववत होईपर्यंत खाण्यापिण्यास मनाई असावी. या नोंदी प्रत्येक केंद्राने जपल्या आणि प्रसिद्ध केल्या, तर आज तुटपुंज्या पुराव्यावर उभी असलेली ही चर्चा अधिक भक्कम होईल.

ज्या वाचकाला किंवा त्याच्या घरातील कोणाला ही तपासणी सांगितली गेली आहे, त्याने सर्व गोळ्यांची पाकिटे आणि शेवटचा ईसीजी सोबत न्यावा, पूर्वी कधी रक्त काढताना चक्कर आली असेल तर ते न लाजता सांगावे, आणि रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये.